बिनसलं

आधी सात रकाने होते.
फोनचं मॉडेल. आवृत्ती. ईमेल.
'चूक पुन्हा घडवून आणण्याच्या पायऱ्या' –
हे वाक्य माझंच, आणि तेव्हा मला ते फार नेमकं वाटलं होतं.
लाल चांदणीची जागा भरल्याशिवाय
'पाठवा' उजळायचं नाही.

सहा महिन्यांत तासगाव तालुक्यातून
एकही तक्रार आली नाही.
साहेब म्हणाले, बघा, ॲप किती ठणठणीत आहे.
आमच्या घरी जेवताना कुणी बोललं नाही
की आप्पाही असंच समजायचे,
भाजी झकास झालीय.

मार्चात सावळजला गेले, मामेबहिणीच्या साखरपुड्याला.
वाटेत चप्पल तुटली म्हणून
एका बेदाण्याच्या शेडवर टेकले.
हिरव्या जाळीखाली बायका ओळीनं निवडणीला बसलेल्या,
सुभद्रा ऐवळे काट्याजवळ, हातात फोन,
फोडायचा की ठेवायचा अशा बेतात.

"हे तुमचंच काय?"
आमचंच, म्हणाले.
"पेटी पंधराची. हे म्हणतंय अकराशे पंचावन्न.
रोज म्हणतंय. रोज मी खोडते."
मग कळवलं का नाही?
"कुणाला?"

मी तिला ते पान उघडून दिलं.
"मॉडेल म्हंजे? पोराचा जुना फोन हाय.
ईमेल पोराचा. पोरगं चाकणला.
पायऱ्या?"
तिनं मान वळवून शेडच्या शिडीकडं बघितलं.
"चार हायत. खालची मोडलीया."

साखरपुड्याला मी उशिरा पोचले, अनवाणी.

साहेब म्हणाले, माहिती नको का आपल्याला?
मी म्हटलं, मॉडेल फोनला ठाऊक असतं,
आवृत्तीही फोनलाच ठाऊक असते.
फोनचं फोनला विचारू,
बाईला बाईचं.
'त्रुटी नोंदवा' लिहिलं, खोडलं.
'अभिप्राय' तर लिहितानाच हसू आलं.
शेवटी बटणावर एकच शब्द राहिला: बिनसलं.
दाबलं की ते विचारतं, काय झालं? बोला.
रेंज नसेल तर बोलणं सांभाळून ठेवतं,
वेशीवर रेंज आली की आपलं आपण धाडतं.

आणि मग बोलले की लोक.
"गप बसलंय सकाळधरनं."
"गोल फिरतंय, आमी चा पिऊन आलो तरी फिरतंय."
"माझं आडनाव आयवळे लिवतंय. ऐवळे.
ऐ. ऐरणीतला ऐ."
रात्री साडेअकराला, मणेराजुरीहून, एक म्हातारा आवाज:
"कोण ऐकतंय का तिकडं?"
उत्तर द्यायची सोय आम्ही केलीच नव्हती.
दुसऱ्या दिवशी केली.
हो, ऐकतंय.

अकराशे पंचावन्न मात्र सुटत नव्हतं.
माझ्या टेबलावर पंधराचे पंधराच यायचे,
दहा फोनांवर, शंभर वेळा.
मग सुभद्राबाईचं एक बोलणं आलं, बेचाळीस सेकंदांचं,
त्यात शब्द एकही नाही.
बटण चुकून दाबलं गेलेलं.
जाळीची फडफड. कुणाचं तरी खाकरणं.
आणि अगदी जवळ, काचेवर,
चट्. चट्.
मी कानात बोंडं घालून तीनदा ऐकलं.

खाली जाऊन पावशेर बेदाणा आणला,
बोटांच्या चिमटीत चुरगळला, पाक सुटेस्तोवर,
आणि त्या बोटांनी फोनवर लिहिलं: पंधरा.
चिकट बोट काचेवरून एकदम सुटत नाही,
थोडं सुटतं, पुन्हा टेकतं, मग सुटतं.
अकराशे पंचावन्न!
मी ओरडलेच. ऑफिसातले उठून बघायला लागले.
आमची सगळ्यांची बोटं इतके दिवस स्वच्छ होती.

दुरुस्ती दोन ओळींची.
शनिवारी ती सावळजला पोचली,
रविवारी सुभद्राबाईचा आवाज:
"आता पंधराच म्हणतंय.
पण काल रातीपासनं ते दुसरंच कायतर बिनसलंय,
थांबा, सांगते –"
आणि लांब कुणालातरी:
"ए, ती पेटी हलवू नगंस, मी बोलतीया."